माल तुंबतो तेव्हा: फॅक्टोरिओतील उत्पादन आणि स्वयंचलनाचा आढावा

फॅक्टोरिओ या संगणकीय खेळात खेळाडू एका अनोळखी ग्रहावर जवळजवळ रिकाम्या हाताने उतरतो. सुरुवातीला तो स्वतः खनिज खणतो, दगडी भट्टीत हाताने कोळसा टाकतो आणि तयार झालेला लोखंडी पत्रा हातानेच उचलतो. वीस-तीस तासांनंतर त्याच जमिनीवर हजारो यंत्रे चालू असतात आणि खेळाडूचा हात एकाही पत्र्याला लागत नाही. खेळाचा सगळा विषय या दोन अवस्थांच्या मधला आहे: खाणीतून निघालेला माल योग्य यंत्रापाशी, योग्य प्रमाणात, आपोआप कसा पोचवायचा? या प्रश्नाची एकच उकल नाही. कोणती उकल चांगली, यावर खेळाडू आणि विकासक यांच्यात गेली अनेक वर्षे गंभीर चर्चा चालू आहे. ती वरवर साधनांबद्दलची दिसते: जमिनीवरून माल नेणारा बेल्ट की उडता बॉट, एक मोठा मार्ग की रेल्वे. खोलात गेल्यावर मात्र बहुतेक वाद एकाच जागी येऊन पोचतात. एखादा माल गरजेपेक्षा जास्त झाला, तर यंत्राला थांबायला कोण सांगणार?

उगम

हा खेळ चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या वूब सॉफ्टवेअरने घडवला. मिखाल कोवार्झिक यांनी २०१२ मध्ये कामाला सुरुवात केली आणि २०१३ च्या आरंभी इंडिगोगोवर लोकवर्गणीतून थोडा निधी उभा केला. कल्पना माइनक्राफ्टच्या इंडस्ट्रियलक्राफ्ट आणि बिल्डक्राफ्ट या मॉडमधून, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या फेरबदलांमधून, सुचली होती. माइनक्राफ्टमध्ये जोडकाम असलेले यंत्रांचे आणि नळ्यांचे जाळे इथे खेळाचा गाभा झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ अपूर्णावस्थेत स्टीमवर आला, १४ ऑगस्ट २०२० रोजी १.० आवृत्ती निघाली आणि २१ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेस एज हा मोठा विस्तार २.० आवृत्तीसोबत आला. विकासक २०१३ पासून शुक्रवारी आपल्या कामाची टिपणे प्रसिद्ध करत आले आहेत. कोणता नियम का बदलला, कोणता प्रयोग फसला, हे त्यांत मोकळेपणाने लिहिलेले असते. त्यामुळे या खेळाच्या रचनेचा इतिहास इतर बहुतेक खेळांपेक्षा जास्त नीट नोंदला गेला आहे.

हिशेबाची बाजू

खेळातले प्रत्येक यंत्र ठरलेल्या गतीने चालते आणि प्रत्येक वस्तूची कृती ठरलेली आहे. विजेवर चालणारे ड्रिल सेकंदाला अर्धा नग खनिज काढते. पहिल्या पायरीचा पिवळा बेल्ट सेकंदाला १५ नग वाहतो, लाल ३० आणि निळा ४५. दगडी भट्टीला एक पत्रा करायला ३.२ सेकंद लागतात. म्हणजे एक पिवळा बेल्ट भरून वाहायला ३० ड्रिल हवीत आणि तो माल वितळवायला ४८ दगडी भट्ट्या. भट्टी पोलादी किंवा विजेची असेल तर गती दुप्पट, म्हणून २४ पुरतात. बेल्टच्या गतीचे हे आकडे पूर्वी १३.३३, २६.६७ आणि ४० असे होते. ०.१७ आवृत्तीत विकासकांनी ते मुद्दाम सुटसुटीत केले. माणसाला हिशेब तोंडी करता यावा म्हणून खेळाचे भौतिकशास्त्रच बदलण्याचा हा निर्णय होता. खेळाडू आकडेमोड करतील हे त्यात गृहीत धरलेले आहे.

हिरव्या सर्किटचे उदाहरण घेतले तर हिशेबाचे महत्त्व लगेच दिसते. एका सर्किटला एक लोखंडी पत्रा आणि तीन तारा लागतात, एका तांब्याच्या पत्र्यातून दोन तारा निघतात आणि दोन्ही कृतींना अर्धा-अर्धा सेकंद लागतो. म्हणून तारेची तीन यंत्रे सर्किटच्या दोन यंत्रांना पुरतात. सेकंदाला १५ सर्किटे हवी असतील तर लोखंडाचा एक पिवळा बेल्ट आणि तांब्याचे दीड बेल्ट लागतात. पण त्याच सर्किटांसाठी तारा मात्र सेकंदाला ४५ लागतात, म्हणजे तब्बल तीन बेल्ट. तांबे पत्र्याच्या रूपात आणले तर जागा निम्मी लागते. म्हणून अनुभवी खेळाडू तार बेल्टवर घालतच नाहीत. तारेचे यंत्र सर्किटच्या यंत्राशेजारी ठेवून मधल्या इन्सर्टरने, म्हणजे नग उचलून ठेवणाऱ्या यांत्रिक हाताने, माल थेट देतात. कोणती वस्तू वाहून न्यायची आणि कोणती जागेवर करायची, हा खऱ्या उद्योगातलाही जुना प्रश्न इथे एका भागाकाराने सुटतो.

या बाजूला दोन मते आहेत. एका मताप्रमाणे आधी पूर्ण हिशेब करावा: संशोधनासाठी लागणारे सायन्स पॅक मिनिटाला किती हवेत ते ठरवून उलट दिशेने खाणीपर्यंत यंत्रांची संख्या काढावी. हेलमॉड, फॅक्टरी प्लॅनर यांसारखी मॉड हेच काम करतात. दुसऱ्या मताप्रमाणे नेमके प्रमाण जुळवण्यात फारसा अर्थ नाही. जे कमी पडते त्याची यंत्रे वाढवत जावे. जास्त झालेली यंत्रे थांबून राहतात आणि थांबलेले यंत्र कच्चा माल खात नाही. या दुसऱ्या मताला जो आधार आहे, तो वेगळा समजून घ्यावा लागतो.

तुंबण्याचा उपयोग

बेल्टच्या शेवटच्या यंत्राला माल नको असला की बेल्टवरचे नग एकामागे एक थबकतात. रांग मागे सरकत उगमापर्यंत पोचते. मग तयार वस्तू ठेवायला जागा नसल्याने इन्सर्टर थांबतो, यंत्र थांबते, त्या यंत्राचा कच्चा माल साचतो आणि थोड्या वेळाने भट्ट्या व ड्रिलही शांत होतात. कोणी आज्ञा दिलेली नसते. मालाच्या तुंबण्यानेच ‘पुरे’ हा निरोप मागे जातो. यंत्राला माल देणारा इन्सर्टरही पुढच्या एक-दोन फेऱ्यांपुरताच साठा करून थांबतो. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीत पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचे नाही, हे कार्डाने कळवले जाते. फॅक्टोरिओत ते कार्ड म्हणजे बेल्टवरची रिकामी जागा.

म्हणून बेल्ट तुंबलेला दिसला तर नवखा खेळाडू घाबरतो आणि जाणकार निश्चिंत होतो. तुंबलेला बेल्ट म्हणजे त्या जागी पुरवठा मागणीपेक्षा जास्त आहे. चिंता रिकाम्या बेल्टची करायची. यातून दोष शोधण्याची एक सोपी रीतही मिळते: भरलेला बेल्ट जिथे संपतो आणि रिकामा सुरू होतो, अडचण नेमकी तिथे असते. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये ‘द गोल’ या कादंबरीतून मांडलेला अरुंद गळ्याचा विचार, म्हणजे सगळ्या कारखान्याची गती सर्वांत मंद टप्पा ठरवतो हे तत्त्व, इथे पडद्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते.

या यंत्रणेची एक किंमत आहे. पिवळ्या बेल्टच्या एका घरात ८ नग मावतात, म्हणजे शंभर घरे लांब भरलेल्या बेल्टवर ८०० नग पडून असतात. स्वस्त पत्र्यांचे असे पडून राहणे चालते. महाग मालाचे मात्र खुपते, आणि नासणाऱ्या मालाचे मुळीच चालत नाही. शिवाय भरलेला बेल्ट पुरवठ्यातला खंड काही काळ झाकतो. खाण संपली तरी टोकाचे यंत्र ते ८०० नग संपेपर्यंत, म्हणजे पूर्ण वेगात ५३ सेकंद, चालूच राहते. कित्येक हजार नगांच्या पेट्या मध्ये ठेवल्या तर बिघाड अर्ध्या तासाने कळतो. साठा ठेवावा की ठेवू नये, यावर खेळाडूंमध्ये एकमत नाही. रेल्वे स्थानकांवर साठा अटळ आहे, कारण गाडी माल खेपेने आणते. इतरत्र मात्र तो टाळावा, असे मत अलीकडे जड होत गेलेले दिसते.

तेलाचा अपवाद

एक कृती एकच वस्तू देते तोवर तुंबणे निरुपद्रवी असते. तेलाने हा नियम मोडला. प्रगत शुद्धीकरणात १०० कच्चे तेल आणि ५० पाणी यांपासून २५ जड तेल, ४५ हलके तेल आणि ५५ पेट्रोलियम वायू निघतो. प्लास्टिक आणि गंधकासाठी वायू हवा असतो. जड तेलाचा खप मात्र थोडा असतो. जड तेलाची टाकी भरली की शुद्धीकरण थांबते आणि त्यासोबत हवा असलेला वायूही थांबतो. एका नको असलेल्या वस्तूच्या तुंबण्याने हव्या असलेल्या वस्तूचा दुष्काळ पडतो. अनेक खेळाडूंचा पहिला कारखाना इथेच बंद पडतो, आणि दोष काय हे कळायला त्यांना वेळ लागतो, कारण जिथे टंचाई दिसते तिथे तिचे कारण नसते.

उपाय विघटनाचा आहे: ४० जड तेलापासून ३० हलके, ३० हलक्यापासून २० वायू. सगळे विघटन केले तर १०० कच्च्या तेलाचा ९७.५ वायू होतो. पण सगळे जड तेल फोडून टाकले तर वंगणाला काही उरत नाही, आणि वंगणाशिवाय निळे बेल्ट व विजेच्या मोटारी होत नाहीत. म्हणून टाकीची पातळी वाचणारी तार जोडून, ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच विघटनाकडे जाणारा पंप चालू होईल अशी व्यवस्था करावी लागते. बहुतेक खेळाडूंची सर्किट जाळ्याशी पहिली ओळख याच कामातून होते. या जाळ्याने पुढे संपूर्ण संगणकही बांधले गेले आहेत. उत्पादनाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे: जिथे तुंबण्याचा निरोप चुकीचा जातो, तिथे स्पष्ट नियम लिहावा लागतो.

विकासकांनी २०१९ मध्ये या पायरीची चढण कमी केली. मूलभूत शुद्धीकरण पूर्वी तिन्ही द्रव देत असे, ते आता १०० कच्च्या तेलापासून फक्त ४५ वायू देते. तीन द्रवांचा पेच प्रगत शुद्धीकरणापर्यंत पुढे ढकलला गेला. या बदलाचे समर्थक म्हणतात की नवख्याला एका वेळी एकच नवी अडचण यावी. विरोधकांच्या मते अतिरिक्त मालाचा धडा जितक्या लवकर मिळेल तितका बरा. दोन्ही बाजूंना अडचण तीच दिसते, मतभेद फक्त ती कधी यावी याचा आहे.

मांडणीचे पंथ

पहिला कारखाना बहुधा गुंत्याचा असतो. जिथे जागा दिसली तिथे यंत्र, जिकडून मिळाला तिकडून माल, बेल्टवर बेल्ट ओलांडून गेलेले. खेळाडू या मांडणीला स्पॅगेटी म्हणतात, आणि ती केवळ चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही. गुंता मुद्दाम जोपासणारे खेळाडू आहेत. त्यांच्या मते अंतर कमी राहते, माल कमी अडकून पडतो आणि प्रत्येक कारखाना वेगळा होतो. वाढ करणे कठीण जाते, हे तेही मान्य करतात.

दुसरी मांडणी मुख्य मार्गाची, म्हणजे मेन बसची. लोखंड, तांबे, पोलाद, सर्किटे यांचे समांतर बेल्ट कारखान्याच्या मधून सरळ जातात आणि स्प्लिटरने फाटे फोडून दोन्ही बाजूंच्या यंत्रांना माल दिला जातो. चार बेल्ट आणि मग दोन घरांची मोकळी जागा, अशी रचना रूढ आहे, कारण पिवळा भुयारी बेल्ट मधली चार घरे ओलांडू शकतो. नवा माल कुठे जोडायचा हे डोळ्यांना लगेच कळते, हा या मांडणीचा सर्वांत मोठा गुण. दोष असा की सुरुवातीचे फाटे भरपूर माल ओढतात आणि शेवटची यंत्रे उपाशी राहतात. हे टाळण्यासाठी बेल्ट सारखे करणारे गुंतागुंतीचे बॅलन्सर बसवावेत की नाही, हा स्वतंत्र वाद आहे. ०.१६ आवृत्तीत, २०१७ च्या अखेरीस, स्प्लिटरला प्राधान्य देण्याची सोय आल्यावर बॅलन्सरची गरज पुष्कळ कमी झाली. बाहेरच्या बेल्टवरून माल घ्यायचा आणि आतल्या बेल्टवरून तो प्राधान्याने भरून काढायचा, एवढे पुरते. तरी समान वाटप व्हावे अशी एक सौंदर्यदृष्टीची ओढ टिकून आहे.

तिसरी मांडणी रेल्वेची. प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र चौकोनी विभाग, त्याभोवती रूळ, आणि विभागांना जोडणारी गाडी हाच एक दुवा. लोहखनिजाचे ५० नग एका खणात आणि मालडब्यात ४० खण, म्हणजे एका डब्यात २,००० नग मावतात. या सिटी ब्लॉक पद्धतीत वाढ करणे म्हणजे मांडणीच्या तयार नकाशाची (ब्लूप्रिंटची) प्रत पुढच्या चौकोनात ठेवणे. कोणत्या स्थानकाला गाडी पाठवायची, हा पूर्वी मोठा प्रश्न होता आणि त्यासाठी लॉजिस्टिक ट्रेन नेटवर्क हे मॉड फार वापरले जाई. २०२० च्या १.१ आवृत्तीत स्थानकावर गाड्यांची कमाल संख्या ठरवण्याची सोय आली. ती संख्या साठ्यानुसार सर्किटने बदलली की स्थानक स्वतःच माल मागवते. २.० मध्ये वेळापत्रकात मध्येच अट घालण्याची सोय आली आणि एकच गाडी कोणताही माल वाहू लागली. तुंबण्याचा निरोप रुळांवरून आपोआप जात नाही. रेल्वेचा हा सगळा इतिहास त्याला पर्याय शोधण्याचा आहे.

अनुभवी खेळाडू या मांडण्या क्रमाने वापरतात: गुंत्यातून मार्ग, मार्गातून रेल्वे. हा क्रम स्वाभाविक की केवळ एकमेकांचे पाहून रूढ झालेला, याचे ठाम उत्तर नाही. अशा मांडणीच्या नकाशांची मजकुरी प्रत काढून वाटण्याची सोय ०.१५ आवृत्तीपासून आहे, आणि दुसऱ्याचा नकाशा वापरला तर खेळातला शोध उरतो का, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

बेल्ट की बॉट

सर्वांत तीव्र वाद जानेवारी २०१८ मध्ये झाला. विकासकांनी आपल्या शुक्रवारच्या टिपणात माल वाहणारे उडते बॉट खेळात असावेत का, हाच प्रश्न उघडपणे विचारला. बॉटचे तंत्र सोपे आहे. एका पेटीत माल ठेवायचा, दुसऱ्या पेटीवर मागणी लिहायची. मधला प्रवास बॉट करतात. सुरुवातीला ते एका वेळी एकच नग उचलतात, संशोधनाने चारपर्यंत. त्यांना बेल्टसारखी जागा, वळणे, ओलांडणी काही लागत नाही, आणि संख्या वाढवली की वहन वाढते.

विकासकांची चिंता अशी होती: बॉट मिळताच मांडणीचा प्रश्नच संपतो. चौकोनात यंत्रे आणि पेट्या ठेवल्या की काम झाले. खेळाचा जो सर्वांत आकर्षक भाग, तोच सर्वांत प्रभावी साधनाने नाहीसा होत असेल तर ही रचनेतली चूक आहे. ही चिंता गंभीरपणे घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक खेळाडू जे सोपे आणि शक्तिशाली आहे तेच निवडतात, मग त्यात मजा कमी असली तरी.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार होते. बॉट खेळाच्या मध्यावर येतात आणि त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजावी लागते. तोवर बेल्टचे कोडे सोडवून झालेले असते. बॉटना चार्जिंग लागते, त्यांचा एक तळ, म्हणजे रोबोपोर्ट, ५० बाय ५० घरांतच मालवाहतूक सांभाळतो, आणि जाळे वाढले की दूरचा बॉट जवळचे काम उचलतो. म्हणजे तिथेही मांडणीचा विचार आहे, फक्त वेगळा. शिवाय रोजच्या वापरातल्या शंभर फुटकळ वस्तू एका ठिकाणी बनवण्यासाठी बॉटना पर्याय नाही. पुष्कळांनी एवढेच सांगितले की ज्याला बॉट नकोत त्याने ते वापरू नयेत. त्यावर उत्तर आले की उपलब्ध असलेले चांगले साधन स्वतःला नाकारणे आणि ते मुळात नसणे, या दोन अनुभवांत फरक असतो.

बॉट राहिले. पुढे विकासकांनी त्यांना दुबळे करण्यापेक्षा बेल्टला बळ दिले. स्पेस एजमध्ये सेकंदाला ६० नग वाहणारा हिरवा बेल्ट आला आणि एका जागी चार नगांची चळत ठेवणारा इन्सर्टर आला. दोन्ही मिळून एक बेल्ट सेकंदाला २४० नग वाहतो. इतक्या वहनापुढे मोठ्या प्रमाणातल्या मालासाठी बॉटची ओढ कमी होते. वाद मिटला असे म्हणता येत नाही, पण त्याची धार बोथट झाली.

वीज आणि प्रदूषण

विजेची टंचाई झाली की फॅक्टोरिओत यंत्रे बंद पडत नाहीत, मंदावतात. यात एक घातक चक्र दडलेले आहे. कोळशाची ड्रिल विजेवर, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे इन्सर्टरही विजेवर. वीज कमी पडली की कोळसा कमी येतो, त्यामुळे वीज आणखी कमी होते. म्हणून बॉयलरपाशी कोळशावरच चालणारे इन्सर्टर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. एका बॉयलरला ९०० किलोवॉटची दोन वाफेची इंजिने पुरतात. सौर पटल दिवसरात्रीची सरासरी काढता ४२ किलोवॉट देते आणि २५ पटलांना २१ संचायक हे प्रमाण सर्वमान्य आहे. अणुभट्टी ४० मेगावॉटची आणि शेजारी दुसरी असेल तर तिचे उत्पादन वाढते.

प्रदूषणाबद्दलची चर्चा त्या मानाने तोकडी आहे. यंत्रांचा धूर पसरतो, झाडे आणि जमीन त्यातला काही शोषतात, उरलेला स्थानिक जीवांच्या वसाहतीपर्यंत पोचला की ते हल्ला करतात. खेळाडू त्याकडे बहुधा संरक्षणाचा खर्च म्हणून पाहतात. यंत्रांत कार्यक्षमतेची मॉड्यूल, म्हणजे यंत्राचे गुण बदलणारे सुटे भाग, बसवून विजेचा वापर आणि त्यासोबत प्रदूषण ८० टक्क्यांपर्यंत कमी करता येते, पण उत्पादन वाढवणारी मॉड्यूल जास्त लोकप्रिय आहेत. हे का, याचे कारण पुढच्या भागात आहे.

महाकारखाने

उत्पादकतेचे तिसऱ्या दर्जाचे मॉड्यूल तेवढ्याच कच्च्या मालात १० टक्के जादा माल देते. वस्तू घडवणाऱ्या यंत्रांतल्या सर्वांत वरच्या असेंब्लरमध्ये अशी चार बसतात: ४० टक्के वाढ. साखळीत चार टप्पे असतील तर ही वाढ गुणाकाराने जमते आणि तेवढ्याच खनिजातून जवळजवळ ३.८ पट माल निघतो. त्या बदल्यात यंत्राची गती ६० टक्क्यांनी घटते आणि विजेची भूक चौपटीहून वाढते. गती भरून काढायला भोवती बीकन, म्हणजे मॉड्यूलचा परिणाम शेजारच्या यंत्रांपर्यंत पोचवणारे खांब, उभारावे लागतात. पूर्वी शक्य तितके बीकन कोंबणे हेच उत्तर असे आणि सगळे महाकारखाने एकसारखे दिसत. २.० मध्ये बीकनची संख्या वाढेल तसा प्रत्येकाचा परिणाम घटेल असा नियम आला आणि मांडणीला पुन्हा वाव मिळाला.

मिनिटाला हजार किंवा त्याहून जास्त सायन्स पॅक करणाऱ्या कारखान्यांत शेवटची टंचाई खनिजाची नसते, संगणकाची असते. खेळ सेकंदाला ६० वेळा सगळ्या यंत्रांचा हिशेब करतो. तो वेळेत झाला नाही तर सारे जगच मंदावते. २०१७ मध्ये विकासकांनी बेल्टचा हिशेब बदलल्याचे सविस्तर लिहिले: प्रत्येक नगाची जागा साठवण्याऐवजी दोन नगांमधले अंतर साठवायचे. रांग एकसंध सरकत असेल तर मग प्रत्येक नगाला हात लावावा लागत नाही. या पातळीवर मांडणीचे निकषच बदलतात. रेल्वे की थेट देवघेव, किती इन्सर्टर, सौर की अणुवीज, हे सारे मग प्रोसेसरवरच्या भारावरून ठरते.

स्पेस एजने उलटवलेली गृहीतके

स्पेस एजमधल्या नव्या ग्रहांनी जुन्या वादांना नवे रूप दिले. फुल्गोरावर लोखंडाची खाण नाही, भंगाराचे ढीग आहेत. भंगार रिसायकलरमध्ये घातले की बारा प्रकारच्या वस्तू निघतात: २० टक्के वेळा गिअर, आणि जो खास हवा असतो तो होल्मियम फक्त १ टक्का वेळा. म्हणजे एका होल्मियमसाठी वीस गिअर गळ्यात पडतात. तेलाचाच पेच, पण तीनऐवजी बारा वस्तूंचा. नको असलेला माल पुन्हा रिसायकलरमध्ये घालून नष्ट करावा लागतो, कारण दर फेरीला त्याचा सुमारे चतुर्थांशच उरतो. व्हल्कॅनसवर नको असलेला दगड सरळ लाव्हारसात टाकता येतो आणि अंतराळातल्या फलाटावरून माल पोकळीत फेकता येतो. माल फेकून देणे ही आता अधिकृत क्रिया झाली आहे.

ग्लेबाने आणखी खोलवर घाव घातला. तिथे फळांपासून उत्पादन होते आणि माल नासतो. फळ तासाभर टिकते, युमाको फळाचा लगदा तीन मिनिटे. पिवळ्या बेल्टवर ३०० घरांच्या प्रवासाला १६० सेकंद लागतात, म्हणजे लगदा पोचेपर्यंत जवळजवळ नासलेला असतो. इथे तुंबलेला बेल्ट म्हणजे सडणारा बेल्ट. नासलेला माल अडकून बसतो आणि पुढची यंत्रे बंद पाडतो. तिथला सायन्स पॅकही शिळा होत जातो तसा संशोधनाला कमी उपयोगी पडतो. म्हणून बेल्ट सतत वाहता ठेवायचा, उरलेला माल टोकाशी जाळून टाकायचा आणि प्रत्येक यंत्रातून नासके काढायला वेगळा इन्सर्टर ठेवायचा. ज्या सवयीवर सारा खेळ उभा होता तीच इथे अपाय करते. पुष्कळ खेळाडूंना हा ग्रह आवडला नाही. दुसऱ्यांच्या मते विस्तारातली हीच सर्वांत अस्सल नवी कल्पना. रचनेच्या अंगाने पाहता दुसरे मत जास्त पटते: बाकीचे ग्रह नव्या कृती देतात, ग्लेबा विचार करायची नवी रीत मागतो.

गुणवत्तेच्या यंत्रणेवर मतभेद आणखी स्पष्ट आहेत. प्रत्येक वस्तूचे पाच दर्जे आले आणि वरचा दर्जा मिळणे संभाव्यतेवर अवलंबून ठेवले गेले. नको त्या दर्जाचा माल रिसायकल करून पुन्हा घडवत राहायचे. समर्थकांना यात वर्गीकरणाचे नवे कोडे दिसते आणि हजारो नगांच्या सरासरीत नशिबाचा भाग पुसला जातो, असे ते म्हणतात. आक्षेप घेणाऱ्यांना ठरल्याप्रमाणे चालणाऱ्या कारखान्यात फासा आणणेच मान्य नाही. युरेनियम शुद्धीकरणात ०.७ टक्क्यांची संभाव्यता आधीपासून होती, हेही या वादात लक्षात ठेवायला हवे.

शेजारचे खेळ

स्वीडनच्या कॉफी स्टेनचा सॅटिसफॅक्टरी २०१९ मध्ये अपूर्णावस्थेत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण रूपात आला. त्यात खनिजाचे साठे कधी संपत नाहीत, म्हणून प्रश्न गतीचा राहतो, साठ्याचा नाही. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की फ्यूज उडतो आणि सगळे एकदम थांबते. फॅक्टोरिओतले हळूहळू मंदावणे तिथे नाही. चीनमधल्या यूथकॅट स्टुडिओच्या डायसन स्फिअर प्रोग्रॅममध्ये (२०२१) ग्रहांमधली वाहतूक मागणीवर चालते. २०२० च्या शेपेझमध्ये यंत्रांना किंमतच नाही, केवळ आकारांचे गणित आहे.

अभ्यास आणि उरलेले प्रश्न

मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये फॅक्टोरिओतल्या बेल्टची मांडणी ही इष्टतमीकरणाची समस्या म्हणून मांडली. यंत्रांची संख्या काढणे हे एकघाती समीकरणांचे काम आहे आणि ते सुटलेले आहे. तीच यंत्रे जमिनीवर बसवून बेल्टने जोडणे मात्र फार कठीण आहे. २०२५ मध्ये फॅक्टोरिओ लर्निंग एन्व्हायर्नमेंट या प्रकल्पात भाषिक प्रारूपांना संगणक-संकेत लिहून कारखाना बांधायला लावले गेले. छोटी कामे त्यांनी केली, पण जागेचा अंदाज घेणे आणि बिघाड शोधून दुरुस्त करणे यांत ती अडखळली. म्हणजे खेळाडू ज्याला ‘डोळा’ म्हणतील ते कौशल्य नियमांत उतरवणे अजून जमलेले नाही.

चांगल्या मांडणीची सर्वमान्य व्याख्याही नाही. मिनिटाला जास्त सायन्स पॅक, कमी जागा, प्रोसेसरवर कमी भार, दुसऱ्याला वाचता येणे, या निकषांचे वजन कसे ठरवायचे यावर मत जुळत नाही आणि एक निकष सुधारला की दुसरा बिघडतो. अतिरिक्त माल रोखून धरावा की नष्ट करावा, हा प्रश्न स्पेस एजने उघडा केला आहे. त्याचे उत्तर ग्रहागणिक बदलते. पाच ग्रहांचा माल एकत्र आणणाऱ्या कारखान्यात तुंबणारा बेल्ट आणि वाहता ठेवावा लागणारा बेल्ट शेजारीशेजारी चालवावे लागतात. या दोन्हींना सामावून घेणारी मांडणी मेन बससारखी सर्वत्र रूढ झालेली नाही आणि तिच्यावरचे प्रयोग अजून चालू आहेत.